अल्पशा आजाराने नाही, अनू

अनुराधावर अन्याय झाला तो रविवारी. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवायच्या वेळेला, इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, फिकट निळ्या पडद्याच्या आड. डॉक्टरने विचारलं, अलीकडे कुठे प्रवास केलात का? अनुराधाने खरं ते सांगितलं. हो, इंडिया. तिथे तिची तपासणी संपली. पुढचं सगळं नुसतं टायपिंग होतं.

हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, शहराचंही नाही. कॉरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी व्हायची आहे आणि तोवर तोंड आवर, असं मला बजावलंय. पण दिवस लिहिते, वेळ लिहिते आणि तुझं नाव लिहिते, अनू. कोणावर, कधी, कुठे. पत्रकाची पहिली ओळ अशीच हवी, हे मीच तुला सांगितलं होतं.

"आणि शेवटची?" तू विचारलंस.

"शेवटची म्हणजे मागणी. वाचणाऱ्याने काय करायचं ते."

"आणि मधे?"

"मधे राग."

"तरीच तुझी पत्रकं मधे एवढी फुगलेली असतात," म्हणालीस. "सूज आहे ती, पत्रकबाई. औषध घे."

आता मंडळाच्या ग्रुपवर तुझी बातमी कशी आली ते ऐक. 'कार्डिफस्थित कु. अनुराधा हिचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली हात जोडलेल्यांची रांग. अल्पशा! कॉलेजात होतीस तेव्हापासून तुझं मोठं आतडं सुजत होतं, त्याला जखमा होत होत्या, रक्त जात होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. एवढं मोठं नाव असलेला आजार अल्पसा कसा? ती छापील ओळ आहे, मला माहीत आहे. कोण कशाने गेलं हे सांगायचं नसलं की आपण ती काढतो आणि माणसावर पांघरतो. मी खाली लिहिलं, 'हे खोटं आहे.' सेक्रेटरींनी मला ग्रुपमधून काढलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, दोन दिवस तुझा फोन तरी थंड राहील.

आपली ओळख टॉयलेटमुळे झाली, हे मी कधी कोणापासून लपवलं नाही. तू लपवायचीस. लोकांना सांगायचीस, "आम्ही एका कॅम्पेनमध्ये भेटलो." खरं म्हणजे मी लंडनच्या क्रॉयडनला ट्रामच्या थांब्याजवळ पत्रकं वाटत उभी होते. या देशात सार्वजनिक टॉयलेटं एकामागून एक बंद होतायत आणि ज्यांना दहा पावलंही थांबता येत नाही त्यांनी काय करायचं, असं ते पत्रक होतं. तू व्हिसाच्या कामासाठी कार्डिफहून आली होतीस. फोनवर आईशी बोलत, घामाघूम, जवळजवळ पळत माझ्यासमोर आलीस. मी सवयीने पत्रक पुढे केलं. तू ते न बघता फोनमध्ये म्हणालीस, "आई, ठेव, मले आत्ताच्या आत्ता जायचंय." मी मराठीत विचारलं, "काय झालं?" तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "ताई, पत्रक नंतर. आधी टॉयलेट कुठंय ते सांगा."

समोरच्या कॅफेत टॉयलेटला कोड होता. गिऱ्हाइकांनाच मिळेल, म्हणाला पोरगा. मी काउंटरवर पत्रकांचा गठ्ठा आपटला आणि असा काही आवाज लावला की रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या पावतीवरचा कोड मोठ्याने वाचून दाखवला. तू बाहेर आलीस ती तोंड धुऊन. माझ्याकडच्या पत्रकाचा कागद घेतलास, वाचलास आणि विचारलंस, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. "तुला आहे का कोलायटिस?" नाही. "मग तुला काय माहीत, दहा पावलं थांबता येत नाही ते?" मी म्हटलं, "आत्ता बघितलं." मग तू हसलीस. पहिल्यांदा.

नंतर कळलं की तुझी नोकरीच त्या आजाराची आहे. कार्डिफच्या लॅबमध्ये तू रेग्युलेटरी टी सेलवर काम करायचीस. मराठीत त्यांना नियामक पेशी म्हणतात, असं मी शोधून काढलं, तर तू नाक मुरडलंस. "नियामक म्हणजे कुठलं तरी सरकारी खातं वाटतं गं. आवर घालणाऱ्या पेशी म्हण." आणि समजावलंस. आतड्यात रोज परकं येतं. भात येतो, वरण येतं, असंख्य जंतू तर तिथे मुक्कामालाच असतात, आणि त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे. शरीराने त्या प्रत्येकावर धावून जायचं ठरवलं तर आतड्यात रोजच दंगल. म्हणून काही पेशींचं काम एवढंच, की बाकीच्या पेशींना सांगायचं, 'हा आपला आहे, सोड. झालं तेवढं पुरे. घरी जा.' तुझ्या आजारात हे सांगणं कुठेतरी बिनसतं. शत्रू नसतोच समोर, आणि तरी युद्ध चालू राहतं, स्वतःच्याच भिंतींवर.

तुझ्या लॅबमध्ये रुग्णाच्याच रक्तातून या पेशी निवडून काढायच्या, वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या, असं काम चाललं होतं. तू त्याला 'दही लावणं' म्हणायचीस. चमचाभर विरजण, भांडंभर दही. "फक्त दूध कोमट ठेवता यायला पाहिजे. आणि विरजण बिघडलं की संपलं, कधी कधी या पेशीच पक्ष बदलतात, आवरायचं सोडून स्वतःच दंगा करतात." रविवारीसुद्धा जायचीस. "पेशींना कुठे रविवार असतो? खाऊ घालून येते."

मी तुझ्यावर पत्रक लिहिलं तेव्हा मथळा दिला होता: 'आतड्याच्या आजारावर इलाज सापडला! आता लढा निधीसाठी!' तू पेन्सिल घेऊन बसलीस. 'सापडला' खोडलंस. वर लिहिलंस, 'शोधतोय'.

मी चिडले. "अगं, शोधतोय म्हटल्यावर कोण वाचणार?"

"ज्याला आजार आहे तो वाचेल. आणि सापडला म्हटल्यावर तोच आपल्या गोळ्या बंद करेल. लहान लहान चाचण्या झाल्यात. पेशी परत दिल्याने धोका दिसला नाही, एवढं म्हणता येतं. गुण येतो का, किती टिकतो, हे अजून कळायचंय."

मग तुझी पेन्सिल 'लढा'वर आली. तिथे आपलं भांडण झालं, आणि ते अजून चालू आहे. "हा शब्द काढ," म्हणालीस. "माझ्या अंगात लढा आधीच जास्त आहे." मी म्हटलं, लढल्याशिवाय या देशात साधी अपॉइंटमेंट मिळत नाही. तू म्हणालीस, "लढणाऱ्यांची कमी नाही गं. थांबवणाऱ्यांची आहे. आणि थांबवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, तेसुद्धा कामच असतं. माझ्या पेशी दिवसभर राबतात." मी म्हटलं, "तुझ्या पेशी राबतात. तू मात्र गप्प बसतेस."

त्यावर तू पेन्सिल खाली ठेवलीस. कारण मी चुकीचं बोलले नव्हते, हे मी आजही म्हणते. तुझी आई, लॅबमधले मोजके लोक आणि मी सोडून तुझा आजार कोणाला माहीत होता? नागपुरात तुझी मामी, आत्या, कोणालाही नाही. लग्नाचं बघत होते. स्थळ सांगून येणाऱ्याला 'मुलीला आतड्याचा आजार आहे' कोण सांगणार? औषधं तू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायचीस, फडताळात, खऱ्या लोणच्याच्या मागे.

पण मंडळाच्या गणपतीत सांगणार होतीस. कबूल केलं होतंस. आरती आणि जेवण यांच्या मधे तुझं भाषण ठेवलं होतं, मराठीतून, आणि ठरलं होतं की शेवटी म्हणायचं: हा आजार मला आहे.

त्या शनिवारी, मंडळाने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, तू सकाळपासून फिकी पडली होतीस. नागपूरहून येऊन थोडेच दिवस झाले होते आणि आजाराने तिथेच डोकं वर काढलं होतं. हॉलला बायकांचं एकच टॉयलेट, तेही स्वयंपाकाच्या टेबलांना लागून, बाहेर नऊवारीतल्या बायकांची रांग. तू पुन्हा पुन्हा त्या रांगेत. एका मावशींनी तुला बाजूला घेऊन थर्मासमधला काढा दिला. "घे गं, इम्युनिटी वाढते याने." तू माझ्या कानात म्हणालीस, "माझी आधीच वाढून बसलीय, सांगू का मावशींना?" आणि हसत हसत काढा बेसिनमध्ये ओतलास.

मग डॉक्टरकाका आले. मंडळात कोणाला काहीही झालं, पडसं, पाठ, पोराचा दात, तरी आधी डॉक्टरकाकांना विचारायचं ही आपल्याकडची रीतच आहे. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दोन आठवड्यांनी नंबर लागतो, काका समोर बसलेले असतात. निवृत्त सर्जन, आयुष्यभर गुडघे आणि खुबे बदलले. भला माणूस. मंडळाच्या प्रत्येक सहलीत कमरेच्या पाउचमध्ये सगळ्यांसाठी गोळ्या घेऊन फिरणारा.

"काय गं अनुराधा, चेहरा का उतरलाय?"

"काही नाही काका. पोट जरा बिघडलंय."

"नागपूरहून आलीस नं नुकतीच? तर्री सोसली नाही तुला आता, इंग्रज झालीस!" काकांनी पाउचमधून जुलाब बंद व्हायची गोळी काढली. "ही घे. स्टेजवर जाईपर्यंत सगळं सिमेंट."

सगळे हसले. तूही हसलीस. आणि गोळी घेतलीस.

ही गोळी आतड्याची हालचाल थांबवते. साध्या हगवणीला चालते. सूज भडकलेली असताना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नये, कारण सुजलेलं आतडं जागच्या जागी थांबतं आणि फुगू शकतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, अनू. त्या हॉलमध्ये तुझ्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. मी नुसतं विचारलं होतं, "घ्यायची ना?" आणि तू म्हणालीस, "भाषण सोडून मधेच पळावं लागलं तर? सगळ्यांसमोर?" या वाक्याचा मला राग आहे. तुझा नाही, या वाक्याचा. आणि तू शास्त्रज्ञ असूनही तुला ते वाक्य लहानपणापासून ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांचा.

पण भाषण! ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू स्लाइड लावल्याच नाहीस. ढोलपथकाला स्टेजखाली उभं केलंस. मंदारला, म्हणजे त्यांच्या म्होरक्याला, म्हणालीस, "वाजवा. आणि तू हात वर केलास की सगळ्यांनी थांबायचं." वाजलं. मंदारचा हात वर गेला, सगळी टिपरं एकदम थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "हे निरोगी आतडं," म्हणालीस. "आता परत वाजवा. मंदार हात वर करेल. पण कोणीही त्याच्याकडे बघायचं नाही."

ढोल सुरू झाले. मंदारने हात वर केला. कोणी बघेना. त्याने दोन्ही हात वर केले, उड्या मारल्या. पोरं आधी हसली, मग कान झाकून आयांना बिलगली. काचा थरथरायला लागल्या. एक आजी ओरडल्या, "अरे पुरे करा रे मेल्यांनो!" तू शांतपणे उभी होतीस. मग तू स्वतः खाली उतरून एकेका ढोलावर हात ठेवलास, तेव्हा कुठे आवाज निवला.

"लोकांना वाटतं की या आजारात आवरणाऱ्या पेशी नसतात," तू म्हणालीस. "असतात. सुजलेल्या जागी तर भरपूर गोळा झालेल्या असतात. त्यांचा हात वर असतो. पण इतरांना तो दिसत नाही, किंवा दिसून ऐकावंसं वाटत नाही. कधी त्यांचाच जोर कमी पडतो. आम्ही लॅबमध्ये एवढंच शोधतोय, की हात वर असून ऐकलं का जात नाही."

 मी पहिल्या रांगेत. मी तुझ्याकडे बघून मान हलवली, आता सांग. कोणीतरी मागून विचारलं, "हा आजार होतो कोणाला?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "कोणालाही होऊ शकतो." आणि नमस्कार करून खाली आलीस.

जेवताना मी तुझ्याशी बोलले नाही. तू माझ्या ताटात तुझा मोदक ठेवलास. तोही मी खाल्ला नाही.

रविवारी सकाळी, माझ्या घरी, तुझं पोट टम्म फुगलं होतं, ताप होता. मीच तुला ए अँड ईला नेलं. तिथे तू सगळं सांगितलंस, हे मी लिहून देते. कोलायटिस आहे. या या गोळ्या चालू आहेत. काल ही एक घेतली. रिपोर्ट कार्डिफला आहेत. त्या तरुण डॉक्टरने स्क्रीनवर शोधलं. कार्डिफ वेल्समध्ये, आपण इंग्लंडात. दोन तासांचा रस्ता, पण इकडच्या स्क्रीनवर तिकडचं काही दिसेना. त्याच्यासमोर उरलं काय? एक सावळी मुलगी, इंडियाहून नुकतीच आलेली, जुलाब. त्याने ठरवलं की प्रवासातला जंतू. पोटाचा एक्स-रे नाही, तज्ज्ञाला फोन नाही.

मी ओरडले. तुझी शपथ, मी त्या वॉर्डात क्रॉयडनच्या कॅफेपेक्षा मोठ्याने ओरडले. सिक्युरिटीवाल्याने मला बाहेर नेलं. दाराशी वळून बघितलं तर तू त्या डॉक्टरची माफी मागत होतीस. माझ्या वतीने.

तू बाहेर आलीस. हातात कागद. भरपूर पाणी प्या, आणि खाली त्याच गोळीचं नाव. मी म्हटलं, आपण परत आत जाऊ. तू म्हणालीस, "तो सकाळपासून जेवला नसेल गं. आणि मला उद्या पेशींना खाऊ घालायचंय."

तू गप्प राहिलीस, तुला घरी पाठवलं. मी ओरडले, मला बाहेर काढलं. कोण बरोबर होतं, सांग. मला हा वाद तुझ्याशीच घालायचाय.

रात्री तू कार्डिफला परतलीस. सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेलीस आणि पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरसमोर कोसळलीस. कार्डिफच्या डॉक्टरांनी तुझे रिपोर्ट एका मिनिटात उघडले, लगेच ऑपरेशनला घेतलं. पण आतडं फुटलं होतं. विष अंगभर गेलं होतं. त्या लोकांनी जिवाचं रान केलं, त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एक शब्द नाही. बुधवारी तू गेलीस. गोळीनेच गेलीस, असं मी म्हणत नाही. ते कॉरोनर ठरवेल. मी एवढंच म्हणते की तुला कोणी योग्य प्रश्न विचारला नाही. शनिवारी आपल्या माणसांनी नाही, रविवारी त्यांच्या माणसांनी नाही.

तुझी आई आली. तुझ्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी सामान आवरत होतो. काकूंच्या हाताला ती लोणच्याची बरणी लागली. झाकण उघडलं आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"ही मीच दिली होती," म्हणाल्या. "म्हटलं, पाहुणे आले तर गोळ्या दिसायले नको."

मी बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि झाकण लावलं. 

"ते मंडळवाले सभा ठेवून राहिले नं शनिवारी?" काकूंनी विचारलं. "तुला बोलावलं का?"

"मला ग्रुपमधून काढलंय, काकू."

"मग माझ्यासंगं चाल."

तोच हॉल. तुझा फोटो, हार, उदबत्ती. सेक्रेटरी बोलले, हुशार, सुस्वभावी, हसतमुख. परत ते आलंच, अल्पशा आजाराने. तेव्हा काकू उठल्या. कोणी त्यांना बोलवलं नव्हतं. माइककडे गेल्याच नाहीत, जागेवरूनच बोलल्या. शाळेत शिकवून कमावलेला आवाज, मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"अल्पसा नव्हता. माझ्या अनूला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. संडासातून रक्त जायचं तिच्या. कित्येक वर्षं. मी तिला म्हटलं होतं, कोणाले सांगू नको. तिनं माझं ऐकलं. आता मीच सांगून राहिली."

आणि त्या खाली बसल्या.  मग मागच्या रांगेत एक हात वर गेला. कॉव्हेंट्रीचा, सॉफ्टवेअरमधला मुलगा, मी त्याला आरतीत झांज वाजवताना बघितलं होतं. "काकू," तो म्हणाला, "मलाही आहे. क्रोन्स, आतड्याचाच. बायको सोडून कोणाला माहीत नाही." शेजारी बसलेली त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली. मग दुसरीकडून एक बाई, माझ्या मुलीला. मग अजून कोणी.

हात वर होते, अनू. आणि या वेळी सगळे बघत होते.

पार्किंगमध्ये डॉक्टरकाका माझ्याकडे आले. एकदम म्हातारे दिसत होते. "तिने मला सांगितलं नाही गं," म्हणाले. "कोलायटिस असा एक शब्द बोलली असती तर मी ती गोळी तिच्या हातात दिली असती का?"

"तुम्ही विचारलंत का, काका?"

"काय विचारायचं?"

"रक्त जातं का."

त्यांनी गाडीच्या किल्लीकडे बघितलं. "आपल्यातल्या तरुण मुलीला असं कसं विचारायचं?"

"गुडघा दुखतो का ते विचारता."

काकांनी किल्ली खिशात टाकली.  मग हात पुढे करून म्हणाले, "तुझी ती पत्रकं आहेत ना? एक गठ्ठा दे मला."

मी त्यांना माफ केलं नाही. गठ्ठा दिला. आता दर कार्यक्रमात ते प्रसादाच्या टेबलाशी उभे असतात, आणि मोदकाबरोबर प्रत्येकाच्या हातात कागद ठेवून, कान लाल झालेले असतानाही, तो प्रश्न विचारतात. पाउच कमरेला नसतं. तू बघितलं असतंस तर हसून हसून तुला टॉयलेटच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं.

तुझं विरजण वाया गेलं नाही, हे सांगायचं राहिलं. सोमवारी तुझ्या सहकारिणीने तुझ्या पेशींना वेळेवर खाऊ घातला. काम चालू आहे. त्यातून काय निघेल हे ती सांगत नाही, कारण तिलाही तूच तयार केलंयस, 'शोधतोय' म्हणते. मला मात्र खात्री आहे. सापडेल. हे वाक्य पत्रकात नाही, फक्त तुला लिहिते, म्हणजे तुला खोडता येणार नाही.

आणि तो मोदक. मी तुझ्यावर रुसून ताटात तसाच ठेवला होता. तू कबूल करून बोलली नाहीस म्हणून. मला तेव्हा वाटलं, तू घाबरलीस. आता वाटतं, तू त्या दिवशी सगळ्या हॉलला तो आजार दाखवलास, फक्त स्वतःचं नाव घेतलं नाहीस. नाव तुझ्या आईने घेतलं. राहिलेलं एवढंच होतं, ते झालं.

नव्या पत्रकावर 'लढा' आहे. काढलेला नाही. पण त्याच्या खाली तुझी ओळ आहे, थांबवणंसुद्धा कामच असतं. दोन्ही एकाच कागदावर. आपलं भांडण मिटलेलं नाही, ते तसंच छापलंय.

आता शेवटची ओळ. ती तुझ्यासाठी नाही, अनू. जरा बाजूला हो.

तुम्ही, वाचणारे. हे वाचताना तुमच्या मनात कोणाचं तरी नाव आलंय. वरचेवर टॉयलेटला जाणारा भाऊ, 'पोट जरा नाजूक आहे' म्हणणारी मावशी, लग्नात जेवायचं टाळणारी मैत्रीण. किंवा तुमचं स्वतःचं. कागद खाली ठेवा आणि त्या माणसाला आत्ता फोन लावा. 'पोट कसंय' विचारू नका, त्याला 'ठीक' असंच उत्तर येतं. 'रक्त जातं का' असं विचारा. हो म्हणाला तर जुलाब थांबवायच्या घरातल्या गोळीला हात लावू देऊ नका, जीपीला फोन करायला लावा, आणि तिथेही 'रक्त जातं' हेच शब्द, सगळ्यात आधी, लाज न धरता बोलायला लावा. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायला तुम्ही शेजारी उभे राहा.

विचारा. आज विचारा.